सात नंबरची चकती

सून तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारायला लागली तशी मुकादमीण स्टुलावर गर्रकन फिरली, आणि पाठीवर अर्धवट चिकटलेली पट्टी सुटून लोंबायला लागली.

"एकदा सांगितलेलं कळत नाही का गं तुला?"

"हलू नका आई. गेली ना पट्टी वाया." सुनेनं लोंबणारी पट्टी ओढून टोपलीत टाकली आणि पाकिटातून नवी काढली. "विचारावंच लागतं मला. याआधी कधी हातांना पुरळ, खाज, चिरा?"

"नाही, नाही आणि नाही. घे, तिन्ही वेळची उत्तरं एकदम."

भिंतीकडच्या बाकावर पाळीची वाट बघत बसलेल्या बायका तोंडाला हात लावून हसल्या. त्यांना हसलेलं बघून मुकादमीण जरा सैलावली आणि पुन्हा पाठ देऊन बसली.

सुनेचं हेच वागणं तिच्या डोक्यात जायचं. घरी गोळी घेतली का, हे तीनदा. दाराला कडी घातली का, तीनदा. समोरच्याच्या शब्दावर विश्वास म्हणून नाही. मुकादमीण एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात होती, त्यातली शेवटची अकरा मुकादम म्हणून. तिथे ती एकदा बोलायची आणि चाळीस बायका हलायच्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी नाव तेच राहिलं होतं. भाजीवालासुद्धा मुकादमीणबाई म्हणायचा.

धुलाईघरातल्या बायकांसाठी हाताला लावायचं नवं मलम आलं होतं. साबणाच्या आणि ब्लीचच्या पाण्यात हात घालण्याआधी ते चोळायचं, म्हणजे कातडी वाचते असं बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं. ते खरं आहे का, आणि त्या मलमानंच काही भलतं होत नाही ना, हे तपासायचं काम इस्पितळातल्या सुनेच्या तपासणीच्या खोलीकडे होतं. त्यासाठी तिला बारा बायका हव्या होत्या. "सगळ्या तऱ्हेच्या हातांच्या हव्यात आई, नाजूक कातडीच्यासुद्धा," असं ती म्हणाली होती. अर्थातच तीनदा. मुकादमिणीनं ते ऐकलं होतं आणि स्वतःच्या मनानं अकरा बायका निवडून आणल्या होत्या. एकेक अशी, की उकळत्या पिंपातून चादर उचलेल आणि वर विनोद सांगेल. बारावी ती स्वतः. सुनेच्या साहेबांपुढे आपल्या बायकांची पाठ लाल निघाली तर काय राहिलं?

सकाळी इस्पितळाच्या फाटकाशी तिची धाकटी बहीणही येऊन उभी होती. बारकी. कुणी सांगितलं होतं कोण जाणे. तिचे हात नेहमीसारखे ओढणीत गुंडाळलेले होते.

"मला पण घेतील का गं ताई?"

"तुझे हात बघून डॉक्टरीण पळून जाईल. घरी जा."

बारकी गेली होती. ती नेहमीच जायची.

"झालं." सुनेनं शेवटची पट्टी दाबून बसवली. दोन पट्ट्या, प्रत्येकीवर पाच चकत्या, प्रत्येक चकतीत मलमातला एकेक पदार्थ. शाईच्या पेनानं तिनं कडेला आकडे लिहिले. पेनाचं टोक गार लागत होतं. "आता नीट ऐका सगळ्यांनी. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. खाजवायचं नाही. आणि दुसरं कुठलंही मलम तिथे लावायचं नाही, खाजेवरचं तर अजिबात नाही. त्यानं सगळं झाकलं जातं आणि मला काहीच दिसत नाही. बुधवारी पट्ट्या काढून बघीन, शुक्रवारी परत बघीन."

"दोनदा कशाला?" बाकावरून कुणीतरी विचारलं.

"कातडी नुसती चिडली असेल तर दोन दिवसांत शांत होते. पण काहींची कातडी त्या पदार्थाशी वैर धरते. ती दिवसागणिक जास्त फुलते. आणि एकदा वैर धरलं की जन्मभर विसरत नाही. तोच पदार्थ पुन्हा कुठे भेटला, साबणात, हातमोज्यात, कुठेही, की पुन्हा तेच."

"अगं बाई," ती बाई म्हणाली. 

"आमच्या कातड्या कुणाशी वैर धरणाऱ्यातल्या नाहीत," मुकादमीण बटणं लावत म्हणाली. "ती थेरं आमच्याकडे चालायची नाहीत."

*

मंगळवारी दुपारी ती खिडकीशी बसून मोजे दुमडत होती. मुलगा आणि सून कामावर गेले होते. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली काहीतरी बारीकसं चाललं आणि थांबलं.

माशी असेल म्हणून तिनं खांदा उडवला. ते हललं नाही. जिथे थांबलं होतं तिथेच बसून राहिलं आणि हळूहळू गरम व्हायला लागलं.

तिनं मोजे खाली ठेवले. पुन्हा उचलले. एका जोडीत दोन वेगवेगळे मोजे दुमडले गेले, ते तिच्या लक्षातही आलं नाही. घड्याळात सव्वादोन झाले होते. अडीचपर्यंत आपोआप जाईल, तिनं स्वतःला सांगितलं. अडीच वाजता ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती आणि चौकटीला घासायचं नाही म्हणून दात आवळत होती. पावणेतीनला घासलं. क्षणभर इतकं बरं वाटलं की डोळे मिटले, आणि मग तिथे निखारा ठेवल्यासारखी आग उठली.

तिनं हाताचा आरसा घेऊन मोठ्या आरशाकडे पाठ केली. दिसली ती नुसती पांढरी पट्टी, आणि कडेला सुनेच्या बारीक अक्षरातला सात. सातच्या बाजूची कातडी पट्टीबाहेर गुलाबी झाली होती. की उजेडच तसा होता? तिनं आरसा खाली केला. पुन्हा वर केला. 

एकतीस वर्षांत तिला कधी काही झालं नव्हतं. हा तिचा सगळ्यात मोठा दागिना होता. चिरलेली बोटं दाखवत कुणी समोर आली की ती आपले दोन्ही हात उलटसुलट करून दाखवायची आणि म्हणायची, "हे बघ. याच पाण्यातले आहेत. तुझे काय लोण्याचे आहेत?" कितीजणी आल्या आणि गेल्या. ज्या गेल्या त्यांची नावं तिला आठवत नव्हती. एकीचं सोडून.

बारकीला तिनंच कामाला लावलं होतं. आठव्या दिवशी ती हात पुढे करून म्हणाली होती, "ताई, आग होते गं. रात्री झोप येत नाही." बाकीच्या बायका बघत होत्या. मुकादम असून बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिनं बारकीला मुद्दाम ब्लीचच्या पिंपावर घातलं. चार दिवसांत हात मुरतील म्हणाली. पिंपावर गेल्यापासून सहाव्या दिवशी बारकीनं काम सोडलं. त्याला बारा वर्षं झाली. बारकीचे हात काही पूर्ववत झाले नाहीत. घरची भांडी घासली तरी फुटायचे. "सवय झालीय तिला त्या नखऱ्यांची," मुकादमीण म्हणायची. घरातल्यांसमोर, पाहुण्यांसमोर, बारकीसमोरसुद्धा.

दाराची कडी वाजली. सून लवकर आली?

बारकी होती.

"बातमी सांगायला आले," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "पोरगी कामाला लागली. धुलाईघरात. पहिल्या तारखेपासून. मी आधी नकोच म्हणत होते, पण आता ते मलम देणार आहेत ना. आणि तू स्वतः तपासतेयस म्हटल्यावर..." ती थांबली. "काय झालं गं? तोंड का असं?"

"काही नाही."

"घाम आलाय तुला."

 मुकादमिणीनं दार लावलं, कडी घातली, घातली की नाही ते ओढून बघितलं, आणि सुनेची सवय आपल्याला कधी लागली असं तिच्या मनात आलं. तिनं बहिणीकडे पाठ केली आणि सदरा वर ओढला.

"सात नंबरची. कोपरा उचलून बघ जरा. सांभाळून. परत बसली पाहिजे जशीच्या तशी."

बारकीची बोटं खरखरीत होती. पट्टी सुटताना कातडी ओढली गेली.  मागून नुसता श्वास ऐकू येत होता.

"बोल की."

"लाल झालंय," बारकी म्हणाली. "बारीक बारीक फोड आलेत. पाण्याचे." तिनं आवाज आणखी खाली आणला. "ताई, हे माझ्या हातांवर यायचं ना, तस्संच आहे."

 बारकी आता पुढे काय म्हणेल, याची मुकादमीण वाट बघत राहिली. बारा वर्षांचं सगळं तिच्या जिभेवर असणार. एक वाक्य टाकलं असतं तरी पुरलं असतं.  पण बारकीनं ओढणीच्या टोकानं तिच्या पाठीवरचा घाम टिपला.

"तुझ्याकडे ती ट्यूब असते ना?" मुकादमीण भिंतीकडे बघत म्हणाली. "खाजेवरची."

"असते. पण काही लावायचं नाही म्हणाली ना सूनबाई? बायका सांगत होत्या."

"लाव."

"ताई..."

"लाव म्हणते ना."

ते मलम गार होतं. आग हळूहळू बसत गेली, आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी वर यायला लागलं, जे पाठीत नव्हतं. बारकीनं पट्टी जशीच्या तशी दाबली, ट्यूबचं झाकण लावलं आणि ट्यूब ओढणीच्या गाठीत बांधली. जाताना दारात थांबली.

"मग पोरीला पाठवू का नको, ते तू सांग."

"मी काय सांगू?"

"तू मुकादमीण. तू म्हणशील तसं."

*

बुधवारी सुनेनं पट्ट्या काढल्या आणि अर्धा तास थांबून भिंग घेऊन पाठीवर वाकली. तिचा श्वास मानेला लागत होता. मुकादमीण समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत होती.

"सातपाशी किंचित गुलाबी आहे. खाज सुटली होती?"

"नाही."

"आग झाली?"

"नाही."

"काही लावलं होतंत?"

"मी कशाला लावतेय? हात तरी पोचतो का माझा तिथे?"

हे शेवटचं खरं होतं. तेवढ्या खऱ्याच्या आधारानं ती ताठ बसून राहिली. सुनेनं तक्त्यात पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं. बाकीच्या अकरा ओळींत पाठी कोऱ्या होत्या. पेन्सिलीचा तो आवाज मुकादमिणीला घरी पोचेपर्यंत ऐकू येत होता.

बारकी बुधवारी संध्याकाळी आली, गुरुवारी दोनदा आली. न बोलता ट्यूब काढायची, लावायची, जायची. फोड बसत चाललेत, एवढं सांगायची. पोरीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मुकादमिणीला वाटायचं, ओरडली असती तर बरं झालं असतं. जेवताना सून समोर बसलेली असली की तिला घास उतरेना. सुनेनं पाण्याचा तांब्या पुढे केला तरी ती दचकायची. एकदा सून नुसतंच "आई" म्हणाली आणि मुकादमिणीच्या हातातून वाटी सुटली. सून विचारत होती, मीठ हवंय का.

*

शुक्रवारी ती सगळ्यांत शेवटी आत गेली. अकराजणी बघून झाल्या होत्या, सगळ्या स्वच्छ. बाहेरच्या बोळात खोके रचलेले होते, प्रत्येकावर त्याच मलमाच्या बरणीचं चित्र. दुपारी बाराच्या आत अहवाल साहेबांच्या टेबलावर जाणार होता.

सुनेनं दिवा जवळ ओढला. बोटानं सातच्या जागेवर हळूच दाबलं.

"खाज?"

"नाही."

"मधल्या दोन दिवसांत सुद्धा?"

"नाही."

"शेवटचं विचारते आई. काहीच झालं नाही?"

खिळा होता तिथेच होता. "नाही," मुकादमीण म्हणाली.

सुनेनं खोडरबर घेतलं. प्रश्नचिन्ह घासून काढलं, भुसा फुंकरीनं उडवला आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली. "गेलं. बाराच्या बारा स्वच्छ. खरं सांगू का, मला भीती वाटत होती. सात नंबरचा पदार्थ मलम टिकावं म्हणून घालतात, आणि तोच कधीकधी बाधतो. पण तुमच्या कुणालाच नाही म्हणजे चिंता नाही."

कागदावर सही झाली. हीच ती घटका, जिच्यासाठी मुकादमिणीनं बायका निवडल्या होत्या. तिनं बटणं लावली. वरचं बटण खालच्या काजात गेलं. सुनेनं दार उघडून बाहेर हाक मारली, "नव्या मुलींपैकी कोण आलंय? या. मलम कसं लावायचं ते शिकून घ्या."

बोळातल्या बाकावर बारकी बसली होती. शेजारी तिची पोरगी. बारकीनं मान वर करून मुकादमिणीकडे बघितलं. काहीही न विचारता नुसतं बघितलं, आणि मग पोरीच्या पाठीवर हात ठेवून तिला उठवलं.

"मावशी, तुमची झाली का परीक्षा?" पोरगी आत येता येता हसून म्हणाली. "पास ना?"

मुकादमिणीनं पिशवी उचलली आणि दाराकडे निघाली. चार पावलांवर दार होतं. मागे सुनेचा आवाज चालू होता. "आधी बोटांच्या बेचक्यांत. तिथेच सगळे विसरतात. हात पुढे कर बघू."

तिला मागे वळायचं नव्हतं. पण दाराच्या काचेत खोलीचं प्रतिबिंब पडलं होतं, आणि त्यात पोरीचे पुढे केलेले हात दिसत होते. अरुंद, लांब बोटांचे, मनगटाशी निळ्या शिरा. बारकीचे हात बारा वर्षांपूर्वी असेच होते. ते कसे होते हे आपल्याला इतकं लख्ख आठवतंय, याचीच तिला भीती वाटली. काचेतल्या बरणीचं झाकण फिरलं. दोन बोटं पांढऱ्या मलमाकडे गेली.

"थांब!"

हा आवाज धुलाईघरातला होता, चाळीस यंत्रांवरून पलीकडे जाणारा. पोरीची बोटं अधांतरी थबकली. मुकादमीण परत आली, तिनं पोरीच्या हातून बरणी घेतली आणि झाकण लावायला लागली. झाकण आट्यांवर बसेना. तिसऱ्या खेपेला बसलं. मग ती स्टुलावर जाऊन बसली, सुनेकडे पाठ करून, आणि नुकतीच लावलेली बटणं काढायला लागली. बोटं ऐकत नव्हती. बारकी पुढे आली आणि तिनं आपल्या फुटक्या बोटांनी ती एकेक करून सोडवली. मग ओढणीची गाठ सोडली आणि ट्यूब टेबलावर ठेवली. ट्यूब अर्ध्यापर्यंत चपटी झाली होती.

सून ट्यूबकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरला. तिनं सही केलेला कागद ओढून घेतला आणि त्यावर पालथा हात ठेवला.

"आई, तुम्ही..."

"गप. आधी लिहून घे." मुकादमीण खिळ्याशी बोलल्यासारखी बोलत होती. "सात नंबर. मंगळवारी दुपारी सव्वादोनला सुरू झालं. खाज, आग आणि पाण्याचे फोड. ही साक्षीदार आहे, हिनं बघितलेत. हिला ओळखता येतं, मला येत नव्हतं. आणि त्या अकराजणींचं काही खरं धरू नकोस. मी वेचून आणल्यात. ज्यांना बाधायचं त्या केव्हाच काम सोडून गेल्यात, त्यांतली ही एक. हिला मी फाटकातून परत पाठवली होती. हिला बसव आता स्टुलावर."

 पोरीनं आपले हात हळूच पाठीमागे घेतले होते. बारकी खाली बघत होती. सुनेच्या हातात पेन्सिल होती, पण ती लिहीत नव्हती. ती रागावली होती की आणखी काही, ते पाठमोऱ्या बसलेल्या मुकादमिणीला दिसायची सोय नव्हती.

तिनं मान किंचित वळवली, खांद्यापर्यंतच.

"आणि तुझं म्हणशील, तर चूक तुझीही आहे. तीनदा विचारतेस आणि थांबतेस. माझ्यासारखी समोर बसली, की चौथ्यांदा विचारायचं असतं."